डाव्या स्पीकरमधला 'स'

मला तो माणूस कधीच आवडला नाही, आणि केडगाव सोडून दोन वर्षं झाली तरी त्यात काही फरक पडलेला नाही. हे आधीच सांगून टाकते. पुढे त्यांच्याबद्दल एखादं बरं वाक्य आलंच, तर ते नाइलाजाने लिहिलंय असं समजावं.

ते माझे घरमालक होते. पुणे रस्त्यापासून दोन गल्ल्या आत त्यांचं घर. खाली पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार, आणि बाहेरून जिना चढून गेलं की वर माझी भाड्याची खोली. दुकान म्हणजे घरातल्या स्टिरिओ स्पीकरची दुरुस्ती, बाकी काही नाही. मिक्सर नाही, टीव्ही नाही, मोबाइलचं तर नावच काढायचं नाही. दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: 'डीजेवाल्यांनी बेल वाजवू नये.' त्याच्या खाली जरा बारीक अक्षरात: 'ब्लूटूथची डबडी आणू नयेत.' आणि त्याच्याही खाली, जागा संपत आल्यामुळे चिरडलेली ओळ: 'घाई असणाऱ्यांनी पुण्याला जावे.' एवढं वाचूनही जो बेल वाजवायचा, त्याचा अपमान करायला ते स्वतः दार उघडत.

मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला माझं नाव विचारलं नाही. मला दुकानातल्या लोखंडी खुर्चीवर बसवलं, समोरच्या दोन स्पीकरवर कसलीशी सतार लावली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. वाजवून झाल्यावर म्हणाले, "सांगा, काय बिघाड हाय?"

मी म्हटलं, "मला तर छान वाटलं."

"वूफर घासतोय. आंधळ्याला दिसंल इतका घासतोय." मग काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हाक मारून म्हणाले, "किल्ली आन. ह्या बाईंना खोली देऊ. कान न्हाईत ह्यांना, दुकानाच्या आवाजाची तक्रार करनार न्हाईत."

अपमान गिळून मी हो म्हटलं, त्याला कारण होतं. त्याआधी दोन महिने मी नगरात खोल्या बघत हिंडत होते. एकटी बाई, नवऱ्यापासून वेगळी झालेली, शाळेत विज्ञान शिकवणारी. कुणाला माझ्याकडे कोण कोण येणार ते हवं होतं, कुणाला मी वेगळी का झाले ते. एका मालकिणीने तर 'तुमच्या भावाला घेऊन या, मग बोलू' असं सांगून दार लावलं होतं. ह्या माणसाने माझी काही चौकशी केली नाही, हा त्यांचा चांगुलपणा नव्हता. त्यांना माणसांत रसच नव्हता. पण माझं काम झालं.

'कान हाय का भोक?' हे त्यांचं आवडतं वाक्य. गिऱ्हाइकाला, दूधवाल्याला, गॅसची टाकी आणणाऱ्याला, काकूंना, सगळ्यांना हेच. जगात कान असलेला एकच माणूस आहे आणि तो केडगावात राहतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. तरुणपणी ते पाथर्डीकडून नगरला आले आणि स्पीकर तयार करणाऱ्या एका कारखान्यात लागले. तिथे तपासणीच्या खोलीत बसून दिवसभर शिट्ट्यांसारखे आवाज मोठ्याने ऐकायचे आणि वाईट निघालेला स्पीकर बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. कारखाना बंद पडला, पण माणूस काही तपासणीच्या खोलीतून बाहेर आला नाही. तो पुढेही प्रत्येकाला तपासून बाजूला काढत राहिला.

शिर्डीहून एक लॉजमालक आले होते. मोठी गाडी, बंगल्याच्या दिवाणखान्यातले उंच स्पीकर. दोन्हींच्या कडेचा फोम कुजलेला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा फोम काही वर्षांत भुसभुशीत होतो, बोट लावलं की खारी बिस्किटासारखा चुरा पडतो. तेवढी रिंग बदलायची होती. जाता जाता ते गृहस्थ म्हणाले, "आणि आतून निळे लाइट बसतील का? पाहुणे येतात, जरा उठाव येईल."

मालकांनी एकेक स्पीकर उचलून परत त्यांच्या गाडीत ठेवला. दार लावताना म्हणाले, "लाइट पायजेत तर ट्रक घ्या." तो माणूस शिर्डीहून इथवर आला होता. मी वरून कपडे वाळत घालता घालता हे बघितलं आणि मला त्या लॉजमालकाची दया आली. काकू म्हणाल्या, "आता हे दोन दिवस खुशीत ऱ्हातील."

त्यांच्या हाताला मात्र मी नावं ठेवणार नाही. जुना फोम ते ब्लेडने खरवडत, कापसाच्या काडीला थिनर लावून कागदी कोनाची कड पुसून घेत, आणि त्या कोनाला कधी टाचणीएवढं भोक पडू देत नसत. मधली तारेची गुंडाळी चुंबकाला घासू नये म्हणून जुन्या एक्स-रेच्या पट्ट्या कापून ते तिच्याभोवती खोचत, मग नवी रिंग चिकटवत, आणि गोंद वाळेपर्यंत पूर्ण एक दिवस त्या स्पीकरला कुणी हात लावायचा नाही. हात तर सोडाच, मी वर चालायचंही नाही. "बाई, कोन बसतोय," असं खालून ओरडून सांगत, की मी आपली खुर्चीत पाय वर घेऊन वह्या तपासत बसायची. नववीच्या सहामाहीचे पेपर मी अशा अवस्थेत तपासले आहेत. भाडं देऊन.

संध्याकाळी ते पायरीवर बसत आणि केडगावची निंदा करत. त्यात एक तक्रार कायमची होती. "रातकिडं ऱ्हायले न्हाईत आता. प्लॉटवाल्यांनी सगळी रानं पाडली, किडा ऱ्हानार कुठं?" मागच्या रिकाम्या प्लॉटवरच्या गवतात त्या वेळी रातकिडे असे किर्र करत असायचे की मला खिडकी लावून घ्यावी लागे. पण मला कान नाहीत असं ठरलेलं असल्यामुळे मी गप्प बसायची. वाटायचं, बोलण्याची एक पद्धत असते म्हाताऱ्या माणसांची.

एका शनिवारी दुपारी मी शाळेतून आले तर दुकानात टीचर बसलेल्या. टीचर म्हणजे एका शाळेतून निवृत्त झालेल्या संगीताच्या शिक्षिका. सगळा भाग त्यांना टीचरच म्हणायचा. चर्चचं गायनमंडळ त्या कित्येक वर्षं बसवत होत्या. त्यांची नात माझ्या आठवीच्या वर्गात होती, म्हणून माझी तोंडओळख. घरचे दोन स्पीकर त्यांनी फोम बदलायला दिले होते, ते न्यायला आल्या होत्या. काम नेहमीप्रमाणे नेटकं झालं होतं. त्यांनी पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि म्हणाल्या, "माझ्या मुलींचं गाणं आहे, नाताळातलं. जरा लावता?"

गाणं सुरू झालं. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होते, दुकानाच्या उघड्या खिडकीशी. टीचर थोडा वेळ डोळे मिटून बसल्या. मग उठून डाव्या स्पीकरजवळ गेल्या, उजव्याजवळ आल्या, परत डाव्याजवळ गेल्या.

"डाव्या बाजूला 'स' नाही," त्या म्हणाल्या.

"काय न्हाई?"

"'स'. आणि 'श'ही नाही. माझ्या डाव्या बाजूच्या मुली 'स' गिळतात असं वाटतंय, आणि त्या गिळत नाहीत. मी गिळू दिलेला नाही."

मालकांनी डाव्या स्पीकरला कान लावला. बराच वेळ लावला. मग सरळ झाले. "दोन्ही सारखेच वाजत्यात."

"नाही हो. परत ऐका."

"टीचर, तुमचं वय काय?"

टीचरांनी वय सांगितलं.

"मग मशीनला कशाला दोष देता? ह्या वयात कान जात्यात. आदी बारीक आवाज जातो, मंग सगळंच. मी चाळीस वर्सं ह्याच धंद्यात हाय. स्पीकर मी केलाय, कान द्येवानं केलाय. माजं काम चोख हाय."

दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं, ते हसलं. टीचरांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. त्यांनी पेनड्राइव्ह काढून घेतला, रुमालात गुंडाळला, रिक्षावाल्याला बोलावून स्पीकर आत ठेवायला लावले आणि गेल्या.

आता मला जे सांगायचंय ते हे की, 'स' खरंच नव्हता. मला तिसऱ्या पायरीवर ते स्वच्छ ऐकू आलं होतं. उजवीकडून गाणं उघडं येत होतं, डावीकडून तोंडावर गोधडी घेतल्यासारखं. डाव्या खोक्यातला छोटा स्पीकर, बारीक आवाज काढणारा ट्वीटर, बंद होता. हे समजायला चाळीस वर्षं लागत नाहीत. आणि मी काही बोलले नाही. खोली चांगली होती, शाळेपासून जवळ होती, परत दोन महिने दारोदार हिंडायची माझी तयारी नव्हती. मी वर गेले आणि कुकर लावला.

दोन महिन्यांनी पालकसभा होती. आठवीच्या नातीसाठी टीचरच आल्या. मी सहज विचारलं, "यंदा नाताळची तयारी काय म्हणतेय?"

"मी सोडलं ते," त्या म्हणाल्या. "पोरींच्या चुका ऐकू येत नसतील तर पुढे उभं कशाला राहायचं? घरी गाणं लावते तर मला अर्धंच ऐकू येतं. दुसऱ्या कुणीतरी घ्यावं आता."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"कळलंच आहे, मग कशाला दाखवायचं? दुकानदाराने चारचौघांत सांगितलं, तेवढं पुरे झालं." त्या हसल्या. नातीच्या प्रगतिपुस्तकावर सही केली आणि पेन परत देताना म्हणाल्या, "घरात कुणाला कारण सांगितलेलं नाही. तुम्हीही बोलू नका."

तेव्हासुद्धा मी बोलायला हवं होतं. मी फक्त मान हलवली. पण त्या दिवशी घरी चालत येताना मला राहवेना. पुढच्याच आठवड्यात आठवीला ध्वनीचा धडा होता, त्यासाठी मोबाइलवर वेगवेगळ्या उंचीचे आवाज काढणारं ॲप घेऊन ठेवलं होतं. वर्गात ते लावलं की एका टप्प्यानंतर मुलांना ऐकू येतं आणि शिक्षकांना येत नाही, मुलांना त्याची फार मजा वाटते. घरी पोहोचले ती सरळ दुकानात गेले.

"काका, शाळेसाठी एक प्रयोग करायचाय. तुमच्या चांगल्या स्पीकरवर मोबाइल जोडून द्या."

"मोबाइल?" ते म्हणाले. पण शाळा म्हटल्यावर कुरकुरत वायर दिली.

मी खालच्या आवाजापासून सुरुवात केली. ते प्रत्येक आवाजाला मान डोलावत, वर हर्ट्झमधला आकडाही सांगत. आकडे बरोबर होते, हे कबूल करते. मग मी वर वर जात राहिले. एका ठिकाणी ते म्हणाले, "हं, आता पुडचा लाव."

लावलेला होता. खोलीभर शिट्टी घुमत होती.

"लाव की."

त्यांनी माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं, मग वायर हलवून बघितली, मग ॲम्प्लिफायरचं बटण वाढवलं, आणखी वाढवलं. तेवढ्यात काकू आतून पिठाचे हात दोन्ही कानांवर धरून दारात आल्या.

"बंद करा ना ते. डोकं उठलं माजं."

मालकांनी काकूंच्या कानांवरचे हात बघितले. मी बटण फिरवून आवाज बंद केला. शिट्टी थांबल्याचं मला आणि काकूंना कळलं. त्यांना कळलं नाही. काकूंनी हात खाली घेतले तेव्हा कळलं.

"कवापास्नं?" त्यांनी विचारलं. मला नाही, काकूंना.

काकू पदराला हात पुसत राहिल्या. "चार-पाच वर्सं झाली आसतील. घड्याळाचा गजर येत न्हाई तुमाला. रातकिडं हायेत की मागं, रोज वरडत्यात."

"आन् तू बोलली न्हाई."

"बोलून काय? मलाच म्हनला आसता, कान हाय का भोक."

मी तेव्हा बोलले. उशिरा आणि नको तितकं बोलले. टीचरांच्या डाव्या स्पीकरचं सांगितलं, त्यांनी गायनमंडळ सोडल्याचं सांगितलं, तुम्ही त्यांचं वय काढलंत आणि बहिरे तुम्ही होतात असं तोंडावर सांगितलं. कुणाला बोलू नका म्हणालेल्या बाईचं गुपित मी दुकानात उघडं केलं. माझा आवाज चढला होता. ते शांतपणे ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं तरी पूर्ण ऐकलं असेल. झाल्यावर त्यांनी वायर गुंडाळली, फळीवर ठेवली आणि म्हणाले, "बाई, महिनाअखेर खोली मोकळी करा."

मला राग आला नाही. त्यांच्याकडून मी ह्याहून वेगळी अपेक्षा केली नव्हती.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक न जेवता स्कूटर घेऊन टीचरांच्या घरी गेले, डावा स्पीकर स्कूटरवर पायांपाशी ठेवून आणला आणि उघडला. ट्वीटरची केसाएवढी तार तुटलेली होती. त्यांच्याच हातून, सोल्डरचा डाग देताना. ती जोडून भागेना, म्हणून त्यांनी आपल्या स्वतःच्या स्पीकरच्या जोडीतला ट्वीटर काढला आणि तिथे बसवला. स्वतःची जोडी मुकी केली. ह्यात काही त्याग नव्हता असं माझं मत आहे. त्यांना तसाही तो ऐकू येत नव्हता.

"माफी मागितली का?" मी काकूंना विचारलं.

"ह्यांनी?" काकू म्हणाल्या. "स्पीकर ठिवला आन् म्हनले, टीचर, तुमचे कान शाबूत हायेत. बाकीचं इचारू नका. आन् आले निघून."

महिनाअखेर मी सामान टेम्पोत भरलं. मालक दुकानातच होते, कोनावर वाकलेले. वर बघितलं नाही. त्या वेळी कोन बसत असावा, कारण काकू मला हमालांना सावकाश चालायला सांगत होत्या.

सावेडीला माझी नवी खोली मिळाली, तिथली मालकीण रोज संध्याकाळी वर येऊन माझ्या भाजीत मीठ किती आहे ते सांगते. तरी मी त्या जुन्या घराकडे दोन वर्षं फिरकले नाही. गेल्या दिवाळीत मात्र काकूंना फराळाचा डबा द्यायला गेले. मालकांशी बोलायचं नाही असं ठरवूनच गेले होते.

पाटी तीच होती. दुकानात मालक होते आणि माझ्या त्या लोखंडी खुर्चीवर टीचर बसल्या होत्या, मांडीवर वही घेऊन. काकूंनी दारातच हळू आवाजात सांगितलं. टीचर आता दर शनिवारी येतात. आठवडाभरात दुरुस्त झालेली प्रत्येक जोडी त्या ऐकतात आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय मालक ती गिऱ्हाइकाला देत नाहीत. गिऱ्हाइकाने विचारलंच तर सांगतात, "टेस्टिंगला वेळ लागतो." कोण करतं ते सांगत नाहीत. गायनमंडळ टीचरांनी त्याच नाताळाला परत घेतलं होतं.

मालकांनी मला बघितलं. "खोली भरली हाय," ते म्हणाले.

"मी खोलीसाठी आले नाही."

"मंग ठीक हाय."

टीचरांनी गाणं थांबवायची खूण केली. "उजवा," त्या म्हणाल्या. "वर टोकाला फाटतोय."

मला वाटलं, आता वय निघणार. मालकांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, उजवा स्पीकर टेबलावर पालथा घातला आणि मागचे स्क्रू काढायला लागले. एक शब्द नाही. मी दोन वर्षं त्या माणसाच्या डोक्यावर राहिले, त्यांना असं गप्प फक्त एकदाच बघितलं होतं.

टीचर माझ्याकडे वळल्या. मी दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या, नातीची चौकशी केली. त्यांनी नीट उत्तरं दिली. मग म्हणाल्या, "मी स्पीकर न्यायला आले होते त्या शनिवारी तुम्ही जिन्यात होतात ना? खिडकीपाशी."

"हो."

"तुम्हाला ऐकू आलं होतं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मुलींपैकी कुणाचा सूर उतरला की नेमकी कोण ते सांगावं, तेवढंच होतं. मालकांचा हात स्क्रूवर थांबला, पण त्यांनी वर बघितलं नाही. मी खोलीचं कारण सांगणार होते. एकट्या बाईला नगरात खोली मिळवणं किती अवघड असतं, हे त्यांनाही समजलं असतं. पण तोंड उघडल्यावर तेवढं एकच आलं.

"हो. आलं होतं."

त्यांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं, बहुतेक त्या उजव्या स्पीकरबद्दलच. मालकांनी शेवटचा स्क्रू काढून वाटीत टाकला. "बसा की," काकू मला म्हणाल्या. मी आजूबाजूला बघितलं. एका खुर्चीवर टीचर होत्या, स्टुलावर मालक, आणि बाकी सगळी जागा स्पीकरांनी व्यापलेली होती. मी डबा काकूंच्या हातात दिला आणि उभ्या उभ्याच निघाले.